कर्णपिशाच आणि कर्णोपकर्णी

‘अमक्याला कर्णपिशाच वश आहे’ हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे जुने मराठी घर विरळा. अनोळखी मनुष्य ओसरीवर टेकतो, पाणी मागतो आणि बोलता बोलता घरातील अकाली गेलेल्या मुलाचे नाव किंवा भाऊबंदकीतील जुना तंटा सांगून मोकळा होतो. घर अवाक होते. पुढे तो भविष्य सांगतो, आणि मागचे खरे निघाले म्हणून पुढचेही खरे मानले जाते. या ‘म्हणून’पाशी थोडे थांबावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

साधकाच्या कानाशी येऊन प्रश्नाचे उत्तर कुजबुजणारे ते कर्णपिशाच, अशी समजूत आहे. मंत्रशास्त्रात त्याचे स्त्रीरूप कर्णपिशाची किंवा कर्णपिशाचिनी होय. काशीच्या महीधराने इ. स. १५८८च्या सुमारास रचलेल्या ‘मंत्रमहोदधी’त यक्षिणींच्या मंत्रांसोबतच तिचाही मंत्र येतो. साधना अशुचि, आणि साधकाचा शेवट वाईट, असे लोक मानीत आले आहेत.

ही कल्पना केवळ आपलीच नव्हे. त्याच सुमारास, १५७७ मध्ये, योहान वायर या वैद्याने आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत पिशाचांची नामावळी छापली. त्यांतील कित्येकांचे कार्य एकच : भूत, वर्तमान व भविष्य सांगणे. पुढे सतराव्या शतकातील ‘गोएशिया’ या मंत्रपोथीत अशांची संख्या बहात्तर झाली. वायर हा चेटकीण ठरवून स्त्रियांना जाळण्याच्या प्रथेचा विरोधक होता. मात्र त्याची यादी पुढे मांत्रिकांच्याच उपयोगी पडली.

युरोपीय पिशाचाला तिन्ही काळ ठाऊक. आपल्याकडील लोकसमजुतीने मात्र कर्णपिशाचाला एक मर्यादा घालून ठेवली आहे : ते झालेले आणि चाललेले अचूक सांगते, होणारे त्याला कळत नाही. ही मर्यादा कोणा सुधारकाने घातलेली नाही, ती श्रद्धेच्याच पोटातून आली आहे. घडून गेलेली गोष्ट कोणाला तरी ठाऊक असते, म्हणून ती दुसऱ्याच्या कानी पडू शकते. न घडलेली गोष्ट कोण कोणाच्या कानात सांगणार? सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त हेच शास्त्राच्या भाषेत बजावले होते. हातचलाखी, अंगात येणे, लपून मिळविलेली माहिती आणि कानावर पडलेले बोल यांच्या आधारे आदेश देणारा दैवज्ञ नव्हे, त्याला विचारू नये, असा त्याचा अभिप्राय आहे. स्वतः ज्योतिषी असलेल्याने हे लिहावे, यात त्याचे महत्त्व आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. देवगडच्या गोंड राजवटीचा हा प्रदेश अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. सावरगाव व पांढुर्णा यांच्यामध्ये केवळ जाम नदीचे पात्र. अशा गावात एका घराचे दुःख दुसऱ्या घराला ठाऊक नाही, असे होत नाही. परक्या मनुष्याला सारे कळण्यास पिशाच कशाला हवे? पारावरची एक संध्याकाळ पुरते. आपल्या भाषेने अशा ज्ञानाला नावही दिले आहे : कर्णोपकर्णी. कानातून कानात गेलेले.

आणि त्याचे सामर्थ्य लहान समजू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरणारी गोटमार पाहावी. नदीपात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावरील झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड सुटतात. सावरगावची मुलगी, पांढुर्ण्याचा मुलगा आणि नदी ओलांडताना झालेला दगडांचा वर्षाव ही कथा प्रत्येकजण डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतो. कोणी ती तीनशे वर्षांची म्हणतो, कोणी चारशे. पण याच कथेच्या आधारावर दरवर्षी माणसे जायबंदी होतात, आणि कित्येकांचे प्राणही गेले आहेत. कानाने आलेला भूतकाळ उद्याच्या रक्ताचा हिशेब ठरवितो, तो असा.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात अतींद्रिय शक्तीचा संचार असल्याचे भासवून भीती घालणे त्याने गुन्हा ठरविले. १ नोव्हेंबर १९५६पूर्वी नागपूर आणि आपण एकाच प्रांतात होतो. आज तो कायदा सीमेवर थांबतो, कर्णपिशाचवाला मात्र थांबत नाही. तेव्हा राखण आपली आपणच करावयाची.

ती फार अवघड नाही. ओसरीवरच्या पाहुण्याने मागचे सांगितले, तर हे त्याला कोठून कळले असेल, असे शांतपणे स्वतःस विचारावे. आणि पूर्वजांविषयी जाणून घ्यावेसे वाटले, तर माळ्यावरच्या पेटीतील मोडी कागद वाळवी लागण्यापूर्वी वाचवून घ्यावेत. त्यांत आपल्याला न रुचणारेही काही निघेल. कानाशी कुजबुजणारा मात्र सहसा रुचेल तेच सांगतो.