भातातलं मीठ

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी दिंडोशीच्या घरी ‘उंबराचं पाणी’ झालं. वाजतगाजत बायका विहिरीवर गेल्या, आजी आमच्या बोलीत गाणी म्हणत होती. कळशीचं पाणी अंगावर पडलं तेव्हा मी कुडकुडले. आम्ही मुंबईचे ईस्ट इंडियन, पिढ्यान् पिढ्यांचे कॅथलिक.

गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली जे फर्मान काढलं, ते वाचताना मला आजी आठवते. लग्नात मायबोलीतली गाणी नकोत, हळद नको, विडा-सुपारी वाटणं नको, दारी तुळस नको. भातसुद्धा बिनमिठाचा शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात! बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचा विश्वास भाताच्या टोपात तपासायचा? प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात कळकळीने हेच सांगत होता, की सुंतेच्या अटीवर देवाची कृपा मिळत नाही. ते पत्र वाचणाऱ्यांनीच नव्या अटी घातल्या, याचं मला आजही दुःख होतं.

पुढच्याच वर्षी, १७३७ मध्ये, मराठ्यांनी आमची, मुंबईजवळची साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली. गोव्यातलं इन्क्विझिशन मात्र १८१२पर्यंत टिकलं.

माझ्या लग्नाच्या त्या आदल्या संध्याकाळी फादर मांडवात आले. कळशीवर त्यांनी क्रूसाची खूण केली आणि आजीला म्हणाले, “आया, गाणं थांबवू नका.”