कीटकनाशकांच्या पर्यावरणीय धोक्याचे मूल्यमापन

शेतजमिनीवर वापरलेल्या कीटकनाशकापासून किडींव्यतिरिक्त अन्य जीवांना, तसेच माती व पाणी यांना अपाय होण्याचा संभव किती आहे, हे पद्धतशीरपणे ठरविणे म्हणजे धोक्याचे मूल्यमापन होय. त्यात द्रव्याची विषाक्तता आणि जीवांचा त्याच्याशी येणारा संपर्क या दोहोंचा एकत्रित विचार करतात. प्रत्यक्ष शेतात घडलेल्या हानीच्या निरीक्षणांमुळे या शास्त्राला आजचे स्वरूप आले.

पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म शोधून काढला. त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी चाचण्यांचा भर मुख्यतः तात्कालिक मारक मात्रेवर असे. द्रव्याचा टिकाऊपणा हा तर गुणच मानला जाई.

ब्रिटनमध्ये सु. १९५६ पासून गव्हाच्या बियाण्यास आल्ड्रीन, डिल्ड्रीन यांसारखी क्लोरीनयुक्त द्रव्ये चोळण्यात येऊ लागली. पुढे पेरणीच्या हंगामात बी टिपणारे पक्षी मोठ्या संख्येने मेलेले आढळले. बहिरी ससाण्यांची संख्या वाढली असून ते शर्यतीची कबुतरे मारतात, अशी तक्रार कबुतरपालकांनी याच सुमारास केली. तिच्या चौकशीसाठी डी. ए. रॅटक्लिफ यांनी केलेल्या पाहणीत निष्कर्ष नेमका उलट निघाला : १९६३ पर्यंत ससाण्यांची संख्या महायुद्धपूर्व संख्येच्या सु. ४४ टक्क्यांवर आली होती. संग्रहांतील जुन्या अंड्यांशी तुलना करून, १९४७ च्या सुमारापासून अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे त्यांनी १९६७ मध्ये दाखविले. डीडीटीपासून बनणारे डीडीई हे त्याचे कारण ठरले. मेदात विरघळणारी व सावकाश विघटन पावणारी ही द्रव्ये अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर अधिक संहत होत जातात. म्हणून ज्याने फवारलेला दाणा कधी टिपला नाही, त्या शिकारी पक्ष्यालाच सर्वाधिक झळ पोहोचली. या द्रव्यांवर निर्बंध आल्यानंतर ससाण्यांची संख्या पुन्हा वाढली.

या अनुभवामुळे द्रव्याचा टिकाऊपणा, शरीरातील संचय व प्रजननावरील परिणाम यांची विक्रीपूर्वी तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली. भारतात १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाने नोंदणी सक्तीची केली. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबविण्यात आला. तथापि चाचण्या बहुधा एकेका द्रव्याच्या व मोजक्या जातींवर होतात, तर शेतात अनेक द्रव्ये एकत्र येतात. त्यामुळे अल्पकालीन चाचणीत जीव मेले नाहीत, एवढ्यावरून द्रव्य निर्धोक ठरत नाही. वापर सुरू झाल्यानंतरचे दीर्घकालीन निरीक्षण हेही मूल्यमापनाचे आवश्यक अंग होय.