कानाची परीक्षा

२१ जानेवारी २००६, शनिवारची संध्याकाळ. जपानमधील शेकडो परीक्षा केंद्रांत शाळा संपवून विद्यापीठाच्या दारात उभी असलेली सुमारे पाच लाख मुले-मुली आपल्या बाकावरील एका चिमुकल्या यंत्राकडे टक लावून बसली होती. यंत्र तळहातावर मावेल एवढे. त्याला कानांत घालायच्या दोन गुंड्या. पर्यवेक्षकांची सूचना होताच सर्वांनी कळ दाबली आणि पाच लाख कानांत एकाच वेळी इंग्रजी संभाषण सुरू झाले. अर्धा तास ऐकायचे, उत्तराचा गोल पेन्सिलीने काळा करायचा. पन्नास गुण. राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकून समजते की नाही, हे पाहण्याची ती पहिलीच वेळ होती.

एक ध्वनिक्षेपक लावून काम भागले नसते का, असा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाला पडेल. जपानी अधिकाऱ्यांनी तो विचारात घेतलाच होता. पण सभागृहे लहानमोठी, कुठे आवाज घुमतो, कुठे मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. मग पुढे बसलेल्याला लाभ आणि मागच्याला तोटा. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र. तरीही त्या संध्याकाळी चारशेहून अधिक मुलांची यंत्रे नीट चालली नाहीत आणि त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. हजारात एक, एवढेच हे प्रमाण. परंतु दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी बाकीच्यांना सोडून त्या चारशे जणांचीच चौकशी केली. शेजारच्या दक्षिण कोरियात तर प्रवेश परीक्षेतील इंग्रजी श्रवणाच्या वेळी देशभरची विमाने खाली उतरू दिली जात नाहीत. मुलांच्या कानाला एवढा मान मिळालेला पाहून मौज वाटते; पण इंग्रजी भाषा जपानच्या शाळांत येऊन तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती. मग कानाची पाळी यायला एवढा विलंब का झाला?

जपानचा आणि इंग्रजीचा संबंध भीतीतून जुळला. १८०८ साली 'फेटन' नावाचे इंग्रज लढाऊ जहाज डच निशाण लावून नागासाकीच्या बंदरात शिरले आणि दमदाटी करून अन्नपाणी घेऊन गेले. जपानचे दरवाजे तेव्हा डच व्यापाऱ्यांखेरीज सर्व युरोपियनांना बंद होते. या प्रसंगानंतर सरकारने आपल्या डच दुभाष्यांना इंग्रजी शिकण्याची आज्ञा केली. १८५३ साली अमेरिकन आरमार आले आणि दरवाजे उघडावेच लागले. फुकुझावा युकिची हे पुढे जपानचे मोठे शिक्षणसुधारक झाले. १८५९ साली ते योकोहामाच्या नव्या परदेशी वस्तीत गेले, तेव्हा अनेक वर्षे रात्रंदिवस घोकलेली त्यांची डच भाषा तेथे कोणाला कळेना आणि दुकानांवरच्या पाट्या त्यांना वाचता येईनात. घरी परतून त्यांनी नव्याने इंग्रजीचा श्रीगणेशा केला.

मेइजी राजवटीच्या पहिल्या पिढीत उच्च शिक्षण परदेशी अध्यापकांकडून, इंग्रजीतून मिळे. मोरी आरिनोरी या तरुण मुत्सद्द्याने तर जपानने इंग्रजीच स्वीकारावी, असा विचार मांडला होता. तो मागे पडला. टोकियो विद्यापीठ १८७७ साली स्थापन झाले आणि हळूहळू तेथे जपानी प्राध्यापक जपानी भाषेतून शिकवू लागले. इंग्रजी माध्यम राहिली नाही, विषय झाली. मुलांचे इंग्रजी घसरल्याची तक्रार सुरू झाली, तेव्हा थोर कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी १९११ साली एक लेख लिहिला. सोसेकी लंडनला राहून आलेले, टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवलेले. त्यांचे म्हणणे असे की ही घसरण स्वाभाविकच आहे. सर्व विद्या परक्या भाषेतून शिकावी लागणे ही एक प्रकारची मानहानी असून, तसे केले तर आपण इंग्रजांच्या ताब्यातील हिंदुस्थानासारखे दिसू. हे वाचताना आपण मराठी माणसे थोडी अस्वस्थ होतो. आपल्याकडे १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ती उत्तीर्ण झाले, आणि इंग्रजीचा तो उंबरठा ओलांडल्यावाचून पुढची कोणतीच विद्या हाती लागत नव्हती.

जपानमध्ये विद्या स्वभाषेतून मिळू लागली, पण उंबरठा मात्र तसाच राहिला. जागा थोड्या आणि उमेदवार फार. गाळणी हवी, आणि इंग्रजीएवढी सोयीची गाळणी दुसरी नव्हती. लांबलचक, गुंतागुंतीचे इंग्रजी वाक्य द्यायचे आणि त्याचे जपानी भाषांतर मागायचे. किंवा जपानी देऊन इंग्रजी मागायचे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांच्या घरी होती, त्या वाचकांना ही पद्धत निराळी समजावून सांगायला नको. तिने मुलांची बुद्धी घासली गेली, हे मान्य केले पाहिजे. पण ती सारी डोळ्यांची आणि लेखणीची विद्या होती. इंग्रजी कशी ऐकू येते, याच्याशी परीक्षकाला कर्तव्य नव्हते.

१९२२ साली हॅरॉल्ड पामर हा इंग्रज भाषातज्ज्ञ शिक्षण मंत्रालयाचा सल्लागार म्हणून जपानला आला. मूल भाषा आधी ऐकते, मग बोलते आणि त्यानंतर वाचते. परकी भाषाही त्याच क्रमाने शिकवावी, हा त्याचा आग्रह. १९२३ साली त्याच्या नेतृत्वाखाली टोकियोत इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था निघाली. व्याख्याने झाली, पुस्तके निघाली, शिक्षकांनी मनापासून माना डोलावल्या आणि वर्गात जाऊन पुन्हा भाषांतरच शिकवले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मुलगा प्रवेश परीक्षेत नापास झाला, तर त्याचे उच्चार उत्तम आहेत, हे ऐकून कोणता बाप समाधान पावेल? चौदा वर्षे खपून पामर १९३६ साली मायदेशी परतला. त्याच्या कार्याचे एक फळ मात्र आपल्याही घरांत पोहोचले. त्याचा सहकारी ए. एस. हॉर्नबी याने सिद्ध केलेला विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश १९४२ साली, ऐन युद्धात, टोकियोत छापला गेला. ऑक्सफर्डने तो १९४८ साली पुन्हा प्रसिद्ध केला. आपल्या महाविद्यालयीन मुलांच्या टेबलावर दिसणारा तो जाडजूड ऑक्सफर्ड शब्दकोश मूळ जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणींतून जन्मला, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

युद्धकाळात इंग्रजी शत्रूची भाषा ठरली. भूदलाच्या अधिकारी विद्यालयाने प्रवेश परीक्षेतून इंग्रजी काढून टाकले. साहजिकच इंग्रजीत कच्ची असलेली हुशार मुले तिकडे वळू लागली. एताजिमा येथील नौदल अकादमीचे अध्यापकही तीच मागणी करू लागले. १९४२ साली तेथे प्रमुख म्हणून आलेले ॲडमिरल इनोउए शिगेयोशी यांनी ती एकट्याने फेटाळली. स्वतःच्या भाषेपलीकडे काहीच न जाणणारा नौदल अधिकारी आपल्याला नको, अशी त्यांची भूमिका होती आणि परीक्षेतील इंग्रजी त्यांनी टिकवून धरले. अमेरिकेशी युद्ध पेटलेले असताना हे करणे सोपे नव्हते. पराभवानंतर हे ॲडमिरल समुद्रकाठच्या एका खेड्यात साधेपणाने राहिले आणि गावच्या मुलांना इंग्रजी शिकवू लागले. या सबंध इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस.

फेब्रुवारी १९४६ मध्ये, टोकियो अजून राखेत असताना, हिराकावा तादाइची यांचा इंग्रजी संभाषणाचा कार्यक्रम रेडिओवर सुरू झाला. जपानी बालगीताच्या चालीवर त्याचे इंग्रजी शीर्षकगीत लावले होते आणि ते लहानथोरांच्या तोंडी बसले. उपाशी राष्ट्र कान देऊन इंग्रजी ऐकत होते. परीक्षेच्या कानावर मात्र त्यातले काही गेले नाही. नवी शिक्षणव्यवस्था १९४७ साली आली. तीत इंग्रजी नावापुरती ऐच्छिक, पण प्रवेश परीक्षेत असल्यामुळे प्रत्यक्षात सक्तीची. मुलांमध्ये एक म्हण रूढ झाली: चार तास झोपेल तो पास, पाच तास झोपेल तो नापास. आपल्याकडे 'अपेक्षित' आणि 'गाईड' यांचे जे स्थान, ते तेथे शब्दसंग्रहाच्या छोट्या पुस्तकांना मिळाले. आधीची पुस्तके वर्णानुक्रमाने लावलेली असत. 'अबॅन्डन' हा पहिलाच शब्द, त्याचा अर्थ 'सोडून देणे', आणि पुष्कळ मुले तेथेच पुस्तक सोडून देत! १९६७ साली मोरी इचिरो या शिक्षकाने परीक्षेत येणारे शब्द महत्त्वाच्या क्रमाने लावले. त्याच्या पुस्तकाचा आरंभ 'इन्टेलेक्ट' म्हणजे बुद्धी या शब्दाने होतो. ते अफाट खपले.

ही सारी धडपड व्यर्थ आहे, असे १९७४ साली हिराइझुमी वाटारू या खासदारांनी स्पष्ट म्हटले. एवढी वर्षे शिकून मुलांना इंग्रजी वापरता येत नाही, तर प्रवेश परीक्षेतून ती काढून टाका आणि लोकसंख्येच्या सुमारे पाच टक्के लोकांनाच ती खऱ्या अर्थाने शिकवा, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यांना उत्तर दिले वातानाबे शोइची यांनी. येशूसंघीयांनी १९१३ साली टोकियोत स्थापन केलेल्या सोफिया विद्यापीठातील ते इंग्रजीचे प्राध्यापक. कठीण वाक्य सोडवताना मुलाला स्वतःच्या भाषेशीही झगडावे लागते, तेच खरे शिक्षण. आणि व्याकरणाचा पाया पक्का असला की बोलणे पुढे गरजेप्रमाणे येते, असे त्यांचे मत. सेमिनरीत लॅटिनची रूपे घोकत माझी पिढी वाढली, त्यामुळे वातानाबे यांचा युक्तिवाद मला पटकन समजतो. तरी एक गोष्ट खटकते. आम्हांला निदान प्रार्थनेत ते लॅटिन ऐकू येत असे.

जानेवारी १९७९ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठांसाठी सामायिक परीक्षा सुरू झाली. उत्तरपत्रिका यंत्र तपासू लागले. १९९० साली खाजगी विद्यापीठांनाही सामावून घेणारी 'सेंटर' परीक्षा आली. तीत उच्चारावरही प्रश्न असत, पण कागदावर! चार शब्द द्यायचे आणि एकाच अक्षराचा उच्चार कोणत्या शब्दात निराळा आहे, ते ओळखायचे. फूड, मून, टूथ आणि बुक या चारही शब्दांत इंग्रजीत दोन 'ओ' येतात, तशातला हा प्रकार. (आपल्या देवनागरीत हा प्रश्न छापताच येत नाही, लिहिताक्षणी उत्तर दिसते.) तोंडातून एक शब्द न काढता आणि कानावर एक शब्द न पडता मूल उच्चारात पैकीच्या पैकी गुण मिळवू शकत होते. १९८७ पासून सरकार परदेशी तरुणांना साहाय्यक म्हणून शाळांत आणत होते; मुले त्यांच्याशी हसतखेळत बोलत आणि तास संपला की पुन्हा प्रश्नपत्रिकांकडे वळत. परीक्षा ऐकत नव्हती, म्हणून शाळाही ऐकत नव्हती. २००६ ची ती यंत्रे या पार्श्वभूमीवर आली. तेव्हाही लेखी इंग्रजीला दोनशे गुण होते आणि कानाला पन्नास.

कान आला, मग जीभ का नको? सरकारने ठरवले की २०२० पासून बोलण्याचीही कसोटी घ्यायची. पाच लाख मुलांशी बोलणार कोण? म्हणून हे काम खाजगी संस्थांच्या तयार परीक्षांवर सोपवायचे ठरले. त्यांत ब्रिटिश होत्या, अमेरिकन होत्या आणि सोफिया विद्यापीठाच्या सहभागाने तयार झालेलीही एक होती. हेतू चांगला होता. अडचण निघाली ती हिशेबाच्या वहीत. काही परीक्षांची फी पाच-सहा हजार येन, काहींची पंचवीस हजारांच्या घरात. शहरातील सधन मूल आधी सरावासाठी हवे तितक्या वेळा ती देऊ शकणार. दूरच्या बेटावरील कोळ्याच्या मुलीला मात्र बोटीचे भाडे आणि मुक्कामाचा खर्च सोसून मुख्य भूमीवर जावे लागणार. शिवाय निरनिराळ्या परीक्षांचे गुण एकाच तराजूत कसे तोलायचे? सप्टेंबर २०१९ मध्ये शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेनेच ही योजना पुढे ढकलण्याची मागणी केली.

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी दूरदर्शनवरील मुलाखतीत शिक्षणमंत्री हागिउदा कोइची यांना या विषमतेविषयी विचारले गेले. त्यांच्या उत्तराचा आशय असा की मुलांनी आपापल्या ऐपतीनुसार प्रयत्न करावेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपणही म्हणतो. पण ते आपण स्वतःला सांगतो, मंत्र्याने गरिबाच्या मुलाला सांगायचे ते शब्द नव्हेत. देशभर संताप उसळला. मंत्र्यांनी शब्द मागे घेतले, क्षमा मागितली, आणि १ नोव्हेंबर रोजी योजना लांबणीवर टाकल्याचे जाहीर केले. मुलांची नावनोंदणी त्याच दिवशी सुरू व्हायची होती. जुलै २०२१ मध्ये ती कायमचीच सोडून देण्यात आली. ज्यांनी वर्षभर त्या परीक्षांची तयारी केली, पैसे भरले, त्यांची निराशा झाली, हेही खरे.

दरम्यान जानेवारी २०२१ मध्ये नवी सामायिक परीक्षा आली. कागदावरचे उच्चार आणि सुटे व्याकरणाचे प्रश्न गेले. वाचनाला शंभर गुण, श्रवणाला शंभर. पामरला पाहायला मिळते, तर तो सुखावला असता. अर्थात कोणत्या अंगाला किती वजन द्यायचे, हे विद्यापीठे स्वतः ठरवतात. टोकियो विद्यापीठाने वाचनाला एकशे चाळीस आणि श्रवणाला साठ असे गणित मांडले.

बोलण्याची परीक्षा टोकियो शहराने खालच्या पायरीवर, माध्यमिक शाळेच्या प्रवेशासाठी, २७ नोव्हेंबर २०२२ रोजी घेऊन पाहिली. मुलांच्या कानांवर आच्छादने होती आणि समोरच्या यंत्रात ती बोलत होती. कान एवढे झाकूनही शेजारच्या बाकावरचे उत्तर ऐकू येत होते, अशी तक्रार मुलांनी घरी गेल्यावर केली.