सिंहगडावरची काजळी

सिंहगडावर आपण पिठलं-भाकरी खायला जातो. २००६ साली तिथे गाळणकागदावर हवेतली काजळी गोळा केली जात होती, एक जुना वाद मिटवायला.

१९९९च्या ‘इंडोएक्स’ मोहिमेत हिंदी महासागरावर हिवाळ्यात तपकिरी धुराचा थर सापडला. वारे तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, त्यामुळे तो आपल्याकडून गेलेला होता. पण नक्की कुणाचा? उत्सर्जनाचे हिशेब मांडणारे म्हणायचे, ५० ते ९० टक्के चुली आणि शेतातल्या आगींचा. हवेतल्या कणांमधली मूलद्रव्यं तपासणारे म्हणायचे, छे, डिझेल-कोळशाचा. म्हणजे एकाच धुरासाठी कधी चुलीपुढची बाई आरोपी, कधी शहरातली गाडी. कोडमधली ओळ कुणाची, हे आम्ही ‘गिट ब्लेम’ने क्षणात काढतो. धुराच्या बाबतीत ते काम कार्बन करतो.

निसर्गातल्या कार्बनपैकी साधारण १.१ टक्के कार्बन-१३ असतो. ऊस, मका, ज्वारी यांचं प्रकाशसंश्लेषण वेगळ्या वाटेनं होतं, म्हणून त्यांच्यात तो भात, गहू किंवा झाडांपेक्षा किंचित जास्त मुरतो. जळल्यावरही ही खूण बरीचशी टिकते. पंचाईत अशी की लाकूड आणि डिझेल यांचे आकडे जवळजवळ सारखे येतात. तिथे किरणोत्सारी कार्बन-१४ लागतो. तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे अलीकडच्या लाकडात असतो आणि कोट्यवधी वर्षं गाडलेल्या तेलात उरलेलाच नसतो. ही युक्ती अमेरिकेत १९५५मध्येच हवेतल्या कणांवर वापरली गेली होती!

स्टॉकहोम विद्यापीठाचे ओर्यान गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी सिंहगड आणि मालदीवमधलं हनिमाधू इथले नमुने असे तपासले. निष्कर्ष २००९मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. एकूण कार्बनी कणांपैकी दोन तृतीयांश लाकूड, गोवऱ्या, पेंढा अशा जैविक इंधनाचे. निव्वळ काजळीत हा वाटा, ती कशी वेगळी काढली त्यानुसार, निम्मा किंवा दोन तृतीयांश. चूल सुटली नाही, गाडीही सुटली नाही. दोन्हींकडे लक्ष द्या, असं त्यांनी लिहिलं. चुलीचा धूर आधी घरातल्यांच्याच छातीत जातो, त्यामुळे हा निकाल मला नुसत्या हवामानाचा वाटत नाही.

मात्र कार्बन-१४ला चूल आणि शेतातली आग यांतला फरक कळत नाही. उसाचं पाचट जळलं असेल तर कार्बन-१३ थोडं काही सांगतो. भाताचा पेंढा आणि बाभळीचं सरपण मात्र दोघांनाही जवळपास सारखंच दिसतं.