रात्रीची सखी

देवपूजेतील फुलांची वंशावळ तपासू लागले, की कित्येक फुले समुद्रापलीकडची निघतात. देवळाच्या प्रांगणातला खुरचाफा अमेरिकेचा, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. आणि सांजारतीच्या वेळी गाभारा गंधाने भरून टाकणारा निशिगंधही तिकडचाच. नाव संस्कृत वळणाचे, म्हणून कूळही इथलेच, हा युक्तिवाद कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही. 'गुलछडी'तला 'गुल' तर उघडच फारसी आहे.

मेक्सिकोतील नाहुआ लोक स्पॅनिश स्वारीपूर्वीपासून हा कंद लावीत. त्यांच्या भाषेत तो 'ओमिशोचित्ल', म्हणजे हाडाचे फूल. १५९४ च्या सुमारास सेव्हिलचे वैद्य सिमोन दे तोव्हार यांच्याकडचा कंद हॉलंडमध्ये क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पोहोचला व त्याच्या १६०१ च्या ग्रंथात 'हायसिंथस इंडिकस' म्हणून नोंदला गेला. पश्चिमेचे 'इंडीज' आणि आपला हिंदुस्थान यांचा घोटाळा अशा नावांनी पुष्कळ वाढविला. अंबोन बेटावरील रुम्फियसने मात्र त्यास 'अमिका नॉक्तुर्ना', रात्रीची सखी, म्हटले. अलीकडच्या वर्गीकरणात निशिगंध घायपाताच्या गोतात गेला असून 'अगेव्ह अमिका' या नावात ती सखी अद्याप नांदते आहे.

ही सखी कोणाची, हे फुलाची घडणच सांगते. शुभ्र वर्ण, लांब नळी, अंधार पडताच वाढणारा गंध : ही सारी सिद्धता लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी. अठराव्या शतकात लायडनच्या ल कूर नामक गृहस्थाने बियांपासून दुहेरी पाकळ्यांचा निशिगंध काढला आणि तो आपल्यावाचून युरोपात कोणाकडे असू नये, या अहंकाराने उरलेले कंद चिरून टाकविले. मालकी हक्काचे इतके क्षुद्र उदाहरण कायद्याच्या पुस्तकांतही विरळाच! शिवाय त्या दुहेरी फुलाच्या घशाशी पाकळ्यांची दाटी असल्याने पतंगाची वाटही अडते.

हारासाठी सुदैवाने एकेरी जातच अधिक लागते, कारण तिचा गंध सरस. परंतु कळ्या उमलण्यापूर्वीच खुडल्या जातात. देवस्थानाच्या बागेत निचऱ्याच्या जमिनीत एकेरी कंद लावून एक ओळ न खुडता राखण्यास कितीसा तोटा येणार? जवळ कण्हेर आणि तगर असावी; कण्हेरीवरच्या हिरव्या पतंगाची अळी या दोन्हींची पाने खाऊन वाढते. माळ्याने चार कुरतडलेली पाने पाहून औषधाचा पंप उचलू नये, एवढे विश्वस्तांनी त्यास बजावून ठेवावे.