परभाषेची कसोटी आणि तोतये

चेरीतालसारख्या वस्तीतील मराठी घरांतून विलायतेस जावयास निघालेल्या मुलामुलींना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. जेथे राहावयाचे तेथील भाषा यावी, ही अपेक्षा आम्हांस गैर वाटत नाही. परंतु या कसोटीचा पूर्वेतिहास पाहू गेल्यास, तिच्या पोटी आरंभापासूनच थोडी लबाडी होती, असे म्हणावे लागते.

डिसेंबर १८९६ मध्ये मुंबईहून निघालेल्या ‘कुरलँड’ व ‘नादेरी’ या आगबोटी दक्षिण आफ्रिकेतील दर्बान बंदरात अडवून धरण्यात आल्या. अखेर १३ जानेवारी १८९७ रोजी उतारूंना उतरू दिले, तेव्हा त्यांपैकी गांधीजींवर गोऱ्या जमावाने हल्ला केला. त्याच वर्षी नाताळ वसाहतीने कायदा केला, की येणाऱ्याने ठराविक अर्ज युरोपीय भाषेत लिहून द्यावा. कायद्यात भारतीयांचे नाव नव्हते. रोख मात्र त्यांच्यावरच होता. वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी हीच युक्ती इतर वसाहतींच्या प्रधानांपुढे नमुना म्हणून ठेवली.

ऑस्ट्रेलियाने १९०१ साली ती उचलली. अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा सांगे व तो उतरवून घ्यावा लागे. भाषा कोणती, हे मात्र अधिकारीच ठरवी. १९३४ साली एगॉन किश या बहुभाषी पत्रकारास नापास करण्यासाठी चक्क स्कॉटलंडमधील गेलिक भाषा काढण्यात आली! न्यायालयाने ती परीक्षा रद्द ठरविली. पण ही पद्धती १९५८ साली कायदा बदलेपर्यंत टिकली.

पुढे फसवणुकीची बाजू पालटली. ब्रिटनमधील काही परीक्षाकेंद्रांत पैसे घेऊन उमेदवाराच्या जागी दुसराच बसविला जातो, हे २०१४ साली बीबीसीने उघडकीस आणले. हा अपराधच होय. त्याची भलामण आम्ही करणार नाही. पण त्यानंतर परीक्षासंस्थेने ध्वनिमुद्रणे तपासून २०११ ते २०१४ मधील अठ्ठावन्न हजारांहून अधिक परीक्षांपैकी ९७ टक्के अवैध वा संशयास्पद ठरविल्या. त्या आधारावर हजारो परदेशी विद्यार्थ्यांचे परवाने गेले. त्यांत भारतीयही पुष्कळ होते. निरपराध वेगळे काढण्याचा पुरेसा प्रयत्न सरकारने केल्याचे दिसत नाही, असे तेथील हिशेबतपासनिसांनीच २०१९ साली नमूद केले. अनेकांनी वर्षानुवर्षे न्यायालयांत झगडून आपला निर्दोषपणा सिद्ध केला.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयाचीही पेशवाईत समोरासमोर चौकशी झाली होती. मग ज्याने स्वतः बसून परीक्षा दिली, त्यास आपलाच आवाज ऐकून उत्तर देण्याची संधी का नसावी? परीक्षार्थीकडून सचोटीची अपेक्षा करणाऱ्या परीक्षकानेही आपली सचोटी सिद्ध केली पाहिजे. आमच्या मुलांना आम्ही एवढेच सांगू : दलालाच्या वाटेस जाऊ नका. तोतया पैसे घेऊन निघून जातो. त्याच्या पापाचा भार मात्र प्रामाणिकपणे परीक्षा दिलेल्या शेजाऱ्याच्या माथी येतो.