माउंटन बाइक शर्यतीत पायवाटेवर ट्रॅफिक जॅम का होतो, आणि वाट कुणी कुणाला द्यायची?

बर्फाच्या उतारावरून शेकडो सायकलवाले एकदम सुटलेत, पुढचा एक घसरतो, त्याच्यावर दुसरा, मग दहा, मग पन्नास. हा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेला असेल. ही फ्रान्समधली 'मेगाव्हलांश' शर्यत. १९९५ पासून आल्प द्युएझला होते. सुरुवात ३,३३० मीटर उंचीच्या पिक ब्लांवरून, तीही बर्फावर. खाली कमेंटमध्ये हसणाऱ्या इमोजींचा पाऊस असतो, आणि "चालवता येत नाही तर जातात कशाला" असा एक शेरा ठरलेला.

पण त्यातल्या बहुतेकांना सायकल चांगली चालवता येते. प्रश्न संख्येचा आहे. हजारभर माणसं एकाच वेळी एकाच वाटेवर सोडली की काय होतं, आणि ते कमी कसं करायचं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण आपल्याकडेही गावोगावी सायकल क्लब निघालेत, धरणाच्या कडेनं, किल्ल्याच्या पायथ्यानं सायकल शर्यती भरवण्याची हौस वाढतेय.

जॅम होतो कसा? आधी हिशेब

रस्त्यावरच्या शर्यतीत आठ-दहा जण शेजारी-शेजारी मावतात. माउंटन बाइकच्या मार्गात मात्र 'सिंगलट्रॅक' असतो, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल अशी पायवाट. शर्यतीची खरी मजा तिथेच आणि खरी अडचणही तिथेच.

समजा ६०० स्पर्धक आहेत. पायवाटेच्या तोंडाशी दर ३ सेकंदांनी एक सायकल आत शिरते असं धरू. म्हणजे मिनिटाला २०. सगळे आत जायला ३० मिनिटं लागणार. आता सुरुवातीपासून पायवाटेपर्यंत ४ किलोमीटर रुंद रस्ता आहे. ताशी २५ किलोमीटरनं जाणारा तिथे दहाएक मिनिटांत पोचतो, ताशी १२ नं जाणारा २० मिनिटांत. म्हणजे ६०० माणसं १० मिनिटांच्या अंतरात तोंडाशी येऊन थडकली, आणि वाट त्यांना सामावून घ्यायला ३० मिनिटं मागतेय. शेवटच्या माणसाला २० मिनिटं रांगेत उभं राहायचंय. यात कुणाचीच चूक नाही, कुणी पडलेलंही नाही. हा फक्त भागाकार आहे.

त्यात चढ असेल तर गोष्ट आणखी बिघडते. चढावर एकाचा पाय जमिनीला टेकला की मागचा थांबतो, त्याच्या मागचाही. आणि उभ्या चढावर थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणं हे चालवण्यापेक्षा अवघड. एक पाय पॅडलवर ठेवून जोर लावेपर्यंत मागचं चाक घसरतं किंवा पुढचं उचललं जातं. मग लोक उतरून ढकलायला लागतात. सुरुवातीला अडखळलेला माणूस केव्हाच वर पोचलेला असतो, पण खाली सगळे अजून पायीच चालत असतात. खंबाटकी घाटात एक ट्रक बंद पडून निघून गेला तरी तासभर गाड्या तुंबलेल्या असतात ना, तसंच.

लेडव्हिल: एकच वाट, दोन दिशा

या प्रकाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधली 'लेडव्हिल ट्रेल १०० एमटीबी'. लेडव्हिल हे ३,००० मीटरपेक्षा उंचावरचं खाणकामगारांचं गाव. १९८० च्या दशकात जवळची मोठी खाण बंद पडली, गावाची रोजीरोटी गेली. तेव्हा केन क्लूबर नावाच्या खाणकामगारानं बाहेरची माणसं गावात आणण्यासाठी १०० मैलांची धावण्याची शर्यत काढली. १९९४ पासून तशीच सायकलचीही सुरू झाली. १२ तासांच्या आत पूर्ण करणाऱ्याला पट्ट्याचं बक्कल मिळतं, ९ तासांच्या आत आलात तर मोठं बक्कल. गंमत वाटेल, पण त्या बक्कलसाठी लोक वर्षानुवर्षं सराव करतात.

इथे गर्दीच्या दोन जागा आहेत. पहिली, गावातून उतरत आल्यावर लागणारा सेंट केव्हिन्सचा चढ. सगळे ताजेतवाने, सगळ्यांना पुढे जायचंय, आणि रस्ता अरुंद. दुसरी जागा जास्त नाजूक आहे. मार्ग जाऊन परत येण्याचा आहे, आणि परतीचं टोक कोलंबाइन खाणीजवळ, ३,७०० मीटरच्या वर. म्हणजे शेकडो दमलेले लोक विरळ हवेत सायकल ढकलत वर जात असतात, तेव्हाच सगळ्यात वेगवान स्वार त्याच वाटेनं सुसाट खाली येत असतात. इथे ढकलणाऱ्यानं एका बाजूला, एकामागे एक चालायचं. दोघं शेजारी गप्पा मारत चालले की खाली येणाऱ्याला जागाच उरत नाही. हे शिष्टाचाराचं वाटतं, पण आहे हाडं मोडण्याचं.

आपल्याला हे चित्र धावण्यातून ओळखीचं आहे. २०१२ पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वर घाट चढून त्याच घाटानं उतरते, हजारो लोकांसह. फरक इतकाच की समोरून येणारा धावपटू अंगावर आला तर धक्का बसतो, सायकल आली तर हँडल पोटात घुसतं.

आयोजकांनी काय करायचं

सगळ्यात जुना उपाय म्हणजे तुकड्या पाडणं, सायकलवाल्यांच्या भाषेत 'वेव्ह'. वरच्याच हिशेबात ६०० जणांना १५०-१५० च्या चार तुकड्यांत, १० मिनिटांच्या अंतरानं सोडा. एका तुकडीला आत शिरायला साडेसात मिनिटं पुरतात, म्हणजे पुढची येईपर्यंत वाटेचं तोंड बऱ्यापैकी मोकळं झालेलं असतं. नॉर्वेतली 'बिर्केबायनर' शर्यत रेना ते लिलेहामर अशी डोंगरावरून जाते. भरभराटीच्या काळात तिथे दहा हजारांच्या वर लोक उतरायचे, तेही प्रत्येकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोची पिशवी. इतकी गर्दी तुकड्यांशिवाय हललीच नसती.

तुकड्या मात्र वेगाप्रमाणे पाडाव्या लागतात, आधी पैसे भरले त्याप्रमाणे नाही. हळू माणसं पुढच्या तुकडीत गेली की मागचे येऊन धडकणारच. त्यामुळे मोठ्या शर्यती आधीच्या निकालाचा पुरावा मागतात. फॉर्मवर "मी तासाला ३० नं जातो" असं लिहिणारे कमी नसतात, म्हणून. आणि प्रत्येकाची वेळ बंदुकीच्या आवाजापासून न मोजता त्याच्या चिपनं रेषा ओलांडल्यापासून मोजली, तर पहिल्या किलोमीटरातली निम्मी रेटारेटी आपोआप थांबते.

आळंदीहून निघणाऱ्या माऊलींच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या मागे, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. लाखोंचा जनसमुदाय दिवे घाट चढतो तो या क्रमाच्या जोरावर. सायकलवाल्यांनी हे नवीन शोधलेलं नाही.

दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून होणाऱ्या 'केप एपिक'मध्ये आणखी एक अडचण समोर आली. तिथे दोघांचा संघ असतो आणि जोडीदारांत २ मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड होतो. महिलांच्या आघाडीच्या जोड्या हौशी पुरुषांच्या घोळक्यात अडकायच्या. कुणाला त्या घोळक्याचा आडोसा मिळायचा, कुणाला अडथळा, आणि निकाल त्यावर फिरायचा. त्यांना वेगळी सुरुवात देणं हाच त्यावरचा रास्त उपाय आहे.

वाट कुणाची?

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा, म्हणजे यूसीआयचा, माउंटन बाइकचा नियम साधा आहे: सभ्यपणे वागा आणि वेगवान स्वाराला अडवू नका. फेऱ्यांच्या शर्यतीत तर '८० टक्के नियम' आहे. आघाडीच्या स्वाराच्या पहिल्या फेरीच्या वेळेच्या ८० टक्के तुम्ही मागे पडलात की तुम्हाला बाहेर काढतात. फेरी १२ मिनिटांची असेल तर मर्यादा ९ मिनिटं ३६ सेकंद. पुढचा येऊन तुम्हाला एक फेरी मागे टाकण्याआधीच वाट मोकळी.

हौशी शर्यतीत असं बाहेर काढत नाहीत, त्यामुळे भांडण उरतं. मागच्याचं म्हणणं, मी वेगवान आहे, बाजूला हो. पुढच्याचं म्हणणं, मीही पैसे भरलेत. दोघांचंही बरोबर आहे. रूढ संकेत असा की वाट देण्याची जबाबदारी पुढच्याची, पण जागा आणि क्षण तोच निवडणार. आणि सुखरूप ओलांडण्याची जबाबदारी सर्वस्वी मागच्याची. खराब बाजू, दगड, गवत त्यानं घ्यायचं. ४१२ व्या नंबरच्या माणसानं ४११ व्याला काट्यात ढकलून काय मिळवायचं असतं, हे मला कधी कळलेलं नाही.

चढ-उताराचा गोंधळ वेगळा. घाटात मोटारींसाठी आपला नियम आहे की अरुंद जागी उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. एरवी पायवाटेवर सायकलवालेही बहुतेक ठिकाणी तेच पाळतात. शर्यतीत मात्र आयोजक जे सांगतील ते, आणि ते सकाळच्या सूचनांच्या वेळीच सांगतात, जेव्हा निम्मे लोक सेल्फी काढत असतात.

ओरडायचं काय?

यूट्यूबवर शिकलेले बरेच जण "ऑन युअर लेफ्ट" असं ओरडतात. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून ओलांडणारा डावीकडून येतो. आपण डावीकडून चालतो. इथे ते वाक्य ऐकून पुढचा माणूस नेमका चुकीच्या बाजूला सरकू शकतो. त्यापेक्षा "दादा, उजवीकडून येतोय" किंवा "ताई, पुढे जागा मिळाली की सांगा" हे दहा-पंधरा मीटर आधी, न किंचाळता म्हणावं. मागे अजून दोघं असतील तर "आम्ही तिघं आहोत" हेही सांगावं, नाहीतर पहिला गेल्यावर पुढचा निर्धास्तपणे मध्ये येतो. पुण्याच्या आसपास बरीच वर्षं होणाऱ्या 'एन्ड्युरो ३'सारख्या शर्यतीत तीन-तीन जणांचे संघ असतात, तिथे तर हे हवंच.

पुढच्यानं आवाज आल्यावर मागे वळून बघू नये. मान वळली की हँडलही त्याच बाजूला वळतं. सरळ चालत राहायचं, तोंडानं "या" म्हणायचं. कानात इअरफोन असतील तर यातलं काहीच ऐकू येत नाही. बहुतेक आयोजक त्यांना बंदी घालतात ते उगाच नाही.

पंक्चर झालं तर आधी सायकल वाटेवरून पूर्ण बाहेर न्यायची, मग चाक काढायचं. ढकलत असाल तर चांगली वाट चालवणाऱ्याला सोडायची. आणि समोर कुणी पडलेलं दिसलं तर थांबायचं, "लागलं का?" विचारायचं. उत्तर नीट आलं नाही तर एकानं थोडं मागे, वळणाच्या आधी उभं राहून येणाऱ्यांना हात दाखवायचा. दुसरा अपघात टाळण्याचा याहून चांगला मार्ग नाही, कारण अरुंद वाटेवर अँब्युलन्स येत नाही, स्ट्रेचर माणसांनीच आणावं लागतं.

माकणीच्या धरणाजवळ भरवली तर?

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात माकणीला निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे. अशा ठिकाणी ३०० जणांची शर्यत ठेवली तर सिंगलट्रॅक म्हणजे बांध, पाणंद आणि गाडीवाट. सुरुवातीसाठी मात्र या पट्ट्यात एक सोय आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर इथली बरीच गावं नव्यानं वसली, आणि पुनर्वसित गावांचे रस्ते आखीव आणि रुंद आहेत. पायवाटेआधी घोळका विस्कटायला असा रस्ता जितका लांब मिळेल तितका बरा.

मुख्य धोका काळ्या मातीचा. पाऊस पडून गेला की ही माती टायरला चिकटते, फ्रेममध्ये भरते, चाक फिरेनासं होतं. मग लोक वाट सोडून शेजारच्या शेतात घुसतात. तीनशे सायकली बांध ओलांडून तुरीतून गेल्या तर पुढच्या वर्षी त्या गावात शर्यत होणार नाही, आणि शेतकऱ्याचं त्यात काहीही चुकणार नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, पुढे उसाची वाहतूक. या दिवसांत गाडीवाटेवर ट्रॅक्टर समोर येणार हे धरूनच चालावं. ट्रॅक्टरला मागे घेता येत नाही अशा जागी सायकल उचलून बाजूला व्हायचं, तो शर्यतीत नाही. तारीख ठरवताना आधी ग्रामपंचायतीला आणि वाटेवरच्या शेतकऱ्यांना विचारावं, पाऊस झाला तर शर्यत पुढे ढकलू असं नोंदणीच्या फॉर्मवरच छापावं, आणि प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी शिट्टी घेतलेला एक माणूस उभा करावा, शक्यतो त्याच गावातला.